‘नशिबात असेल ते होईल’ म्हणणाऱ्या माणसाला चालायला कसं लावायचं?

प्रश्न : आमच्या ह्यांना चार वर्षांपासून टाइप २ डायबेटिस आहे. वय ५२, बँकेत नोकरी. सासऱ्यांना होता, थोरल्या दिरांना आहे. त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. हे गोळ्या वेळेवर घेतात (मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी आहे), दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात, डॉक्टरांची तारीख कधी चुकवत नाहीत. पण चालायला म्हणून जाणार नाहीत. ‘आमच्या घराण्यातच आहे, नशिबात असेल ते होईल,’ हे ठरलेलं उत्तर. दर एक जानेवारीला पहाटे उठून जातात, पंधरवडाही टिकत नाही. मग म्हणतात, ‘माझ्यात चिकाटीच नाही.’ मुलगा २४ वर्षांचा, जिमला जातो. तो म्हणतो, ‘सगळं आपल्याच हातात असतं, बाबा आळशी आहेत.’ दोघांची रोज खडाजंगी. मीही ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ असे टोमणे मारते, पाय कापावे लागलेल्यांचे व्हिडिओ पाठवते. ढिम्म फरक नाही. मागच्या खेपेला एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१ आलं. यांचा स्वभाव बदलता येईल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहून गेलात, पण उत्तराचं टोक तिथेच आहे. गोळ्या वेळेवर, तपासणी वेळेवर, डॉक्टरांची तारीख चुकत नाही. जो माणूस खरोखर सगळं नशिबावर सोडतो, तो गोळ्याही सोडतो. तुमचे यजमान तसे नाहीत. तेव्हा स्वभाव बदलायच्या भानगडीत पडू नका. त्याची गरज नाही.

आपल्या आयुष्यात जे घडतं त्याची सूत्रं कोणाच्या हातात आहेत, याबद्दल प्रत्येकाची एक धारणा असते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ साली ती मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांच्याकडे एकच पट्टी होती: एका टोकाला ‘माझ्या हातात’, दुसऱ्या टोकाला ‘माझ्या हाताबाहेर’. पुढे लक्षात आलं की ‘हाताबाहेर’मध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. एक म्हणजे नशीब, योगायोग. दुसरी म्हणजे जाणकार, अधिकारी माणसं, आजारपणाच्या बाबतीत मुख्यतः डॉक्टर. म्हणून १९७८ साली वॉल्स्टन दांपत्य आणि डीव्हेलिस यांनी खास आरोग्यासाठी १८ विधानांची प्रश्नावली केली. त्यात ‘मी’, ‘जाणकार’ आणि ‘नशीब’ अशा तीन पट्ट्या, प्रत्येकी सहा विधानांच्या. तिन्हींचे गुण वेगवेगळे मोजायचे. एकाच माणसाचे दोन पट्ट्यांवर गुण चढे असू शकतात.

प्रश्नावली भरून न घेताही पत्रावरून एवढा अंदाज करता येतो की तुमच्या यजमानांचा ‘जाणकार’ या पट्टीवर भरवसा भक्कम आहे. त्यांचं न बोललेलं सूत्र असं असावं: साखर हे डॉक्टरांचं खातं, मी सांगितलेलं करतो. गोळी त्या सूत्रात बसते, कारण ती चिठ्ठीवर लिहून येते. चालणं बसत नाही, कारण डॉक्टर ते उठता उठता, दाराकडे बघत सांगतात.

मग नशिबाचं पालुपद कशासाठी? ते बहुतेक ढाल म्हणून येतं. भावाचा अंगठा गेलेला त्यांनी पाहिला आहे. ‘हे घराण्यातच आहे’ म्हटलं की निदान ‘तुझ्यामुळे झालं’ हा आरोप लागत नाही. आता मुलगा म्हणतो सगळं आपल्याच हातात असतं. बापाच्या कानावर ते कसं पडत असेल? ‘मग साखर वाढली तीही माझ्याच हातून, आणि भावाचा अंगठाही त्याच्याच हातून.’ ही जबाबदारी कोणालाच नको असते. वाद जितका वाढेल तितकी ढाल घट्ट धरली जाईल. म्हणून पहिलं काम : नशिबावर वाद घालणं आजपासून बंद. तुमचा टोमणाही बंद.

शिवाय घराण्याबद्दल ते चूक नाहीत. टाइप २ डायबेटिसमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं की इथली बाळं युरोपीय बाळांपेक्षा वजनाने हलकी जन्मतात, पण त्यांच्या अंगावर चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त असतं. हाडकुळ्या माणसालाही डायबेटिस होतो, तो उगाच नाही. पण घराणं हे निम्मंच उत्तर झालं. चेन्नईतल्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने साखर सीमारेषेवर असलेल्या ५३१ लोकांवर अभ्यास केला आणि २००६ साली निष्कर्ष छापले. खाण्यापिण्यात आणि चालण्यात बदल केलेल्यांमध्ये पुढे डायबेटिस होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये २६.४ टक्क्यांनी. म्हणजे खाण्या-चालण्यातल्या बदलाचं आणि गोळीचं वजन जवळपास सारखं भरलं. हा अभ्यास डायबेटिस व्हायच्या आधीच्या लोकांवरचा आहे, यजमानांना तो झालेला आहे; तेव्हा हे आकडे त्यांच्या तोंडावर फेकू नका. तुमच्या मुलाला मात्र जरूर दाखवा, कारण तो त्याच घराण्यातला आहे.

मुलाबद्दलही दोन शब्द. ‘सगळं आपल्याच हातात’ ही धारणा दिसायला चांगली दिसते, पण डायबेटिसमध्ये ती महागात पडते. ताप आला की साखर चढते. दोन रात्री झोप झाली नाही की चढते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइड दिलं की चांगलीच चढते. पहाटे शरीर स्वतःच्या संप्रेरकांमुळे यकृतातून साखर सोडतं, म्हणून रात्री कमी जेवूनही सकाळची उपाशीपोटीची साखर जास्त येऊ शकते. आणि वर्षं जातात तसतसं स्वादुपिंडाचं इन्सुलिन कमी होत जातं, मग सगळं नीट करूनही गोळी वाढवावी लागते. हे माहीत नसलेला माणूस आकडा वाढला की म्हणतो, ‘लपून खाल्लं असणार.’ असं दोनदा झालं की समोरचा माणूस साखर मोजायचा मीटर कपाटात ठेवून देतो.

म्हणून घरात तिघांनी मिळून वाटणी करून टाका. पूर्ण हातात : आज रात्री चाललो की नाही, ताटात काय वाढलं, गोळी घेतली की नाही, झोपायला किती वाजता गेलो. अर्धवट हातात : साखरेचा आकडा, वजन, एचबीए१सी. हातात अजिबात नाही : वडील कोण, भाऊ कोण, वय किती. संकल्प फक्त पहिल्या ढिगातल्या गोष्टींचा करायचा. ‘साखर १४०च्या खाली आणीन’ हा संकल्पच नव्हे. ‘रात्री ताट उचललं की दहा मिनिटं चालेन’ हा संकल्प.

इथे एक कबुली दिली पाहिजे. ‘आरोग्य माझ्या हातात आहे’ ही धारणा आणि प्रत्यक्ष व्यायाम यांचा संबंध संशोधनात दिसतो, पण तो फार घट्ट नाही. त्याहून घट्ट संबंध आढळतो तो ‘हे मला जमेल’ या भरवशाचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली हा फरक मांडला. व्यायामाने फायदा होतो हे मानणं वेगळं. तो व्यायाम मला, माझ्या बँकेच्या वेळा सांभाळून, माझ्या दुखऱ्या गुडघ्यासकट करता येईल असं वाटणं वेगळं. ‘नशिबात असेल ते’ म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांची खरी अडचण दुसरी असते. ‘मला जमत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘करून उपयोग नाही’ म्हणणं सोपं जातं, एवढंच.

यजमानांचं कुठे अडलंय ते दोन प्रश्नांत कळतं. एखाद्या निवांत संध्याकाळी विचारा, मुलगा घरात नसताना. पहिला : ‘जेवणानंतर चाललं तर तुमची साखर कमी चढेल, असं शून्य ते दहात किती वाटतं?’ दुसरा : ‘पुढचे सात दिवस रोज रात्री दहा मिनिटं चालणं जमेल, असं शून्य ते दहात किती वाटतं?’ समजा ते म्हणाले चार. ‘चारच का?’ असं विचारलंत तर न जमण्याची यादी ऐकायला मिळेल, आणि बोलता बोलता ती त्यांना स्वतःलाच पटत जाईल. ‘चार का म्हणालात, दोन का नाही?’ असं विचारा. मग उत्तरात जमण्याची कारणं यावी लागतात, आणि ती त्यांच्याच तोंडून येतात. त्यानंतर तुम्ही गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे.

पहिल्या उत्तरात आकडा कमी असेल तर पुढचा प्रयोग करा. दुसऱ्यात कमी असेल तर दहा मिनिटांची पाच करा, पाचाची तीन करा, पण आकडा सात-आठवर येईपर्यंत काम लहान करत जा. चारच्या भरवशावर सुरू केलेलं काम सहसा तग धरत नाही. एक जानेवारीच्या पहाटेचं काय होतं ते तुम्ही दरवर्षी पाहताच. आणि त्या पहाटेत आणखी एक खोट आहे: केलेल्याचं फळ दिसतच नाही. एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, वजनाचा काटा आठवडे हलत नाही. थंडीत उठून चाललं आणि दिसलं काय, तर काहीच नाही. अशा वेळी ‘करून उपयोग नाही’ हा निष्कर्ष तर्काला धरूनच आहे. त्यांना असं काम द्यायला हवं ज्याचं फळ त्याच रात्री दिसतं.

असं काम आहे. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर अवलंबून राहावं लागत नाही. जेवणानंतर साखर चढत असतानाच चाललं तर हा परिणाम सगळ्यात ठळक दिसतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात टाइप २च्या रुग्णांवर झालेल्या २०१६च्या अभ्यासात, दिवसातून कधीतरी सलग ३० मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. चालणं तेवढंच, फक्त वेळ बदलली.

आता प्रयोग. सहा रात्री, मीटरच्या बारा स्ट्रिप. सोमवार, बुधवार, शुक्रवार जेवून नेहमीसारखं बसायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार जेवण संपल्यावर दहा मिनिटांनी निघून १५ मिनिटं चालायचं. सहाही रात्री ताट एकच: समजा ज्वारीच्या दोन भाकऱ्या, एक वाटी आमटी, एक वाटी भाजी, काकडी. वाटी तीच, भाकरीचा आकार तोच, गोड काही नाही. जेवणाची वेळही अर्ध्या तासाच्या आत तीच. साखर दोनदा मोजायची: जेवणाच्या लगेच आधी, आणि पहिला घास घेतल्यापासून दीड तासाने. वहीत लिहायचं ते दोन्हींतला फरक, म्हणजे चढ. समजा आधी १४० आणि नंतर २२५, तर चढ ८५.

सुरू करण्याआधी त्यांना अंदाज लिहायला सांगा : चालण्याने चढात किती फरक पडेल? ‘काही नाही’ असं लिहिलं तरी चालेल, उलट उत्तम. अंदाज त्यांचा, बोट त्यांचं, मीटर त्यांच्या हातात, वही त्यांच्या अक्षरात. तुम्ही मीटरला हात लावलात की ती तुमची तपासणी झाली.

हा प्रयोग बिघडतो तो नेमक्या काही जागी. हात न धुता मोजलं आणि बोटाला आंब्याचा रस किंवा गूळ लागलेला असला तर आकडा भलताच येतो. साबणाने धुवून, पूर्ण कोरडा करून मगच टोचा. टोचायचं ते बोटाच्या टोकावर नव्हे, कडेला, दुखतं कमी. थेंब यावा म्हणून बोट पिळू नका, हात खाली सोडून थोडं थांबा. स्ट्रिपची मुदत बघा, डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेत स्ट्रिप खराब होतात. आणि मीटरची स्वतःची चूक धरून चाला: चांगल्या मीटरलाही प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. म्हणून एका रात्री ७० आणि दुसऱ्या रात्री ६२ यात अर्थ शोधू नका. तीन बसलेल्या रात्रींची सरासरी आणि तीन चाललेल्या रात्रींची सरासरी, एवढीच तुलना. एकादशी आठवड्यात येत असेल तर प्रयोग पुढच्या आठवड्यात ढकला. साबुदाण्याची खिचडी साखर अशी चढवते की सगळा हिशेब कोलमडतो. (उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड असलेल्या गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना स्वतंत्र विचाराच. उपाशी पोटी ती साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते.)

बहुतेकांना फरक दिसतो. नाही दिसला तर थापा मारू नका. चालणं रमतगमत झालं का ते बघा. वेग एवढा हवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. निघायला उशीर झाला का, ताट रोज तेच होतं का, तेही बघा. मग चाललेल्या आणखी दोन रात्री मोजा, तेवढ्यावर थांबा.

गोळीच्या बाबतीत सावधपणा. मेटफॉर्मिन एकट्याने साखर फारशी धोकादायक खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड नेऊ शकतं. म्हणून चालणं सुरू करण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा. घाम, थरथर, एकदम भूक, छातीत धडधड, विनाकारण चिडचिड असं वाटलं तर लगेच मोजायचं. ७०च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७०च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. बिस्किट किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मीटर जवळ नसेल तर मोजायची वाट न पाहता साखर घ्यायची. खिशात साखरेची पुडी ठेवून निघालं की काम झालं. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त दम लागणं असं झालं तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. ताप असेल किंवा साखर ३००च्या वर असेल त्या दिवशी सुट्टी.

दिरांचं उदाहरण घरात आहे, म्हणून पायांचं निराळं सांगते. चप्पल नाही, अनवाणी तर नाहीच; बूट आणि शिवण टोचणार नाही असे सुती मोजे. बूट घालण्याआधी हात घालून खडा वगैरे चाचपायचा. परत आल्यावर तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, तळ दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. डॉक्टरांकडे वर्षातून एकदा पायाच्या संवेदनेची तपासणी करून घ्यायची. पाय वाचवायला हा रोजचा दोन मिनिटांचा उद्योग तुमच्या व्हिडिओंपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे.

व्हिडिओंचं सांगायचं तर भीती एकटी फार वाईट काम करते. धोका मोठा वाटला आणि त्याच वेळी ‘यावर मला काहीतरी करता येतं’ असंही वाटलं, तरच माणूस हलतो. दुसरा भाग नसेल तर तो फोन उलटा ठेवतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला २००२चा एक अभ्यास इथे फार बोलका आहे. एका गटाला काहीच खास सांगितलं नाही. आठवडाभरात त्यातल्या ३८ टक्क्यांनी ठरल्याप्रमाणे एकदा तरी व्यायाम केला. दुसऱ्याला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे सांगून उत्साह चढवला. आकडा ३५ टक्के. तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली, पण वर कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून काढायला लावलं, ९१ टक्के. विद्यार्थ्यांचा एका आठवड्याचा अभ्यास आहे, बावन्नच्या माणसाला तो जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण दुसऱ्या गटाला जे दिलं तेच तुम्ही इतके दिवस देत होता, हे ध्यानात घ्या.

तर एक ओळ लिहायची, त्यांनीच. ‘रात्री ताट उचलून ठेवलं की बूट घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येईन.’ खूण वेळेची नको, कृतीची हवी. नऊ वाजले हे टीव्हीसमोर कळत नाही, ताट उचललेलं कळतं. त्याखाली पर्यायी ओळी : पाऊस असेल तर गॅलरीत किंवा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत. पाहुणे असतील तर त्यांनाच घेऊन. लग्नात जेवण झालं तर मांडवाबाहेर. बँकेतून उशीर झाला तर पाच मिनिटं, पण बूट घालून. बूट दाराशी, मोजे बुटात. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं, म्हणजे आठवड्याला ७०. पुढचे दोन आठवडे १५ मिनिटं, म्हणजे १०५. मग रविवारी दुपारच्या जेवणानंतर आणखी ४५ मिनिटं, की १५० झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीची खालची मर्यादा तीच आहे. सवय बसली की आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं आणि भिंतीला हात लावून दहा दंड, दोन-दोन फेऱ्या. डोळ्यांच्या पडद्याला डायबेटिसचा त्रास असेल तर जोराचे व्यायाम विचारल्याशिवाय नकोत.

खाडा पडणार. पडल्यावर काय बोललं जातं त्यावर पुढचं ठरतं. तुमचे यजमान म्हणतात, ‘माझ्यात चिकाटीच नाही.’ बघा, हे कारण नशिबाचं नाही, अगदी स्वतःवर घेतलेलं आहे. तरी ते घातकच आहे. कारण आतलं असून भागत नाही, ते बदलता येण्याजोगं असावं लागतं. ‘चिकाटी नाही’वर काही उपाय करता येत नाही. ‘पहाटेची वेळ चुकीची होती’ यावर येतो. म्हणून खाडा पडला की वहीत कारण लिहायचं आणि पुढे योजनेत काय बदलणार ते. ‘कंटाळा’ हे कारण चालणार नाही. कसला कंटाळा? एकटं वाटतं, कुत्री भुंकतात, रस्त्यावर दिवा नाही? त्यातल्या प्रत्येकाला उत्तर आहे. लंडनमध्ये सवयींवर झालेल्या २०१०च्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणासाठी अंदाज २५४ दिवसांचा निघाला. आणि मधला एखादा खाडा सवय बसण्याच्या आड आला नाही. तेव्हा २१ दिवसांत सवय लागते ही समजूत सोडा. नियम एकच : लागोपाठ दोन खाडे नाहीत. फारच जिवावर आलं तर तीन मिनिटं, आणि त्या दिवशीही वहीत बरोबरची खूण.

डॉक्टरांवरचा भरवसा वाया घालवू नका. न्यूझीलंडमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून डॉक्टर व्यायामाची ‘हिरवी चिठ्ठी’ लिहून देतात, औषधाच्या चिठ्ठीसारखीच. तुमच्या डॉक्टरांना आधी फोन करून सांगा की पुढच्या भेटीत चिठ्ठीवर गोळ्यांच्या यादीतच लिहा : ‘चालणं, रात्रीच्या जेवणानंतर, १० मिनिटं, रोज.’ आणि त्याच्या पुढच्या भेटीला औषधांआधी चालण्याची वही बघायला मागा. यजमानांच्या धारणेशी भांडण्याऐवजी तीच कामाला लावायची. सुरुवात डॉक्टरांच्या शब्दावर होईल. त्यांच्या स्वतःच्या वहीतले आकडे हळूहळू ती जागा घेतील.

देवाचं नाव आलंच आहे तर, ‘हरी’वरून टोमणा मारणं मुळातच चुकीच्या जागी लागतं. नशीब मानणं आणि देवावर भरवसा ठेवणं या धारणा अभ्यासकही वेगवेगळ्या मोजतात. आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी सगळा भार विठ्ठलावर टाकतो आणि अडीचशे किलोमीटरच्या आसपास स्वतःच्या पायांनी चालतो. त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

तुम्ही काय करायचं? बरंचसं न करणं. ‘चाललात का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. निवड त्यांच्यावर सोडायची: कुठला रस्ता, कोणाबरोबर, कुठले बूट. तुम्हाला चालायचं असेल तर तुमच्यासाठी निघा, त्यांना ओढायला नाही. आले तर आले. परत आल्यावर ‘शाबास, अस्संच रोज करा’ म्हटलं की ती तुमची परीक्षा होते. ‘आज चढ किती आला?’ एवढं पुरे, तेही त्यांनी वही उघडली तर. आणि मुलाला एक काम द्या : सहा रात्रींची सरासरी बाबांनी काढल्यावर तपासायची, शेरा न मारता.

आणखी एक शंका मिटवून घ्या. चालणं सोडून बाकीच्या गोष्टींतही त्यांचा रस गेला आहे का? दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, आवडीच्या गोष्टी नकोशा, झोप बिघडलेली, असं असेल तर हा धारणेचा प्रश्न नाही. डायबेटिस असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं, आणि तेव्हा ‘काय उपयोग’ हे वाक्य आजाराचं असतं. त्यावर उपचार आहेत. त्याच डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

८.१ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १८६. चालणं सुरू केल्यावर पुढचं एचबीए१सी तीन महिने पूर्ण झाल्यावरच करा. महिन्याभरात केलंत तर त्यात जुन्याच दिवसांचा हिशेब मोठा असेल. तो अहवाल घेऊन जाताना वहीही न्या. आकडा उतरला नसेल आणि वहीत खुणा भरलेल्या असतील तर डॉक्टरांना कळेल की बदलायची ती गोळी आहे. वही रिकामी असेल तर बदलायची ती योजना, आणि तीही पुन्हा यजमानांनाच लिहू द्या.